टेलिफोनच्या खाली

डुलुथ. फेब्रुवारी. सरोवर इतकं गोठलंय
की लोक त्यावर ट्रक नेऊन मासे धरतात.
इथे संग्रहालयाच्या तळघरात माझ्यासमोर
एक बाई ऐंशी वर्षं पाय दुमडून बसली आहे.
लाल खुर्ची. मांडीवर पांढरं पिल्लू.
सॅटिनचा झगा खांद्यावरून घसरलेला,
म्हणजे जिथवर घसरायला हवा नेमका तिथवर.
कानाशी काळा टेलिफोन.
ओठांचा चंबू : अगंबाई!

माझं काम साधं. थुंकीने ओला केलेला कापूस
(हो, थुंकीच; तिच्याइतकं सौम्य दुसरं काही सापडत नाही)
फिरवत राहायचं, जुना धूर उतरवायचा.
नोंदवहीत आहे : आइली कोस्केला, कॅलेंडर, मार्च १९४४.
तैलरंग. मॉडेल अज्ञात.

चौकटीच्या पाठीला साहेबाची चिठ्ठी, अजून चिकटलेली :
‘मिस कोस्केला, पाय उत्तम. चेहरा फार धीट.
कुणी बघतंय हे तिला ठाऊक नसावं.
खिडकी उघडी ठेवा. मार्चात वारा असतो.’

वाऱ्याचं हे बरं असतं.
वारा, कुत्र्याची दोरी, कुंपणाचा खिळा,
शिडी, गळाचा आकडा,
सगळे मिळून बाईचा पदर ओढणार, आणि कटात माणूस एकही नाही.
गुन्हा खिळ्याचा. दचकणं बाईचं.
आणि गॅरेजमधला तो? तो बिचारा तारीख बघत होता.

मीही शिकलेली आहे. खुर्ची लाल का, टाच उंच का,
मला विचारा, मी तासभर बोलेन.
‘टेलिफोन म्हणजे पलीकडचा अदृश्य पुरुष,’
हे फलकावरचं वाक्य माझंच.
चांगलं वाटलं होतं तेव्हा.

मंगळवारी अवरक्त कॅमेऱ्याखाली धरली.
रंगाच्या तळाशी कोळशाची रेघ :
टेलिफोन नाही. ब्रश.
पिल्लाच्या जागी पॅलेट, अंगठा भोकातून वर आलेला.
फोन डाव्या हातात का, हे तेव्हा कळलं.
समोर आरसा होता.

म्हणजे बेकरीच्या माडीवरची भाड्याची खोली,
दोन स्टोव्ह लावूनही कुडकुडणारी,
आणि आइली, स्वतःचाच खांदा उघडा टाकून
त्याची सावली हिरवट की जांभळी, ते ठरवत बसलेली.
साहेबासाठी तिने ओठ बदलले.
डोळे तसेच ठेवले.
डावा किंचित बारीक, मोजणारा,
शिंप्याचा असतो तसा.

काल वाल्बोर्गबाई आल्या, वय ब्याण्णव, काठी, लोकरीची टोपी.
त्यांच्या नवऱ्याच्या वर्कशॉपमध्ये हीच होती, ग्रीसने माखलेली;
मार्च संपला तरी पान उलटलं नाही त्याने, एकोणीस वर्षं.
“मी हिचा राग राग करायचे,” त्या म्हणाल्या.
“मग एकदा तो नसताना दार लावलं,
स्टुलावर हिच्यासारखी बसून पाहिलं.
दोन मिनिटांत पायाला मुंग्या!
म्हटलं, अरे, ही तर ड्युटीवर आहे.”

मी फलक काढून आणला. नवा काय लिहू, सुचत नाही.
ती जिंकली, असं लिहवत नाही;
तिला एका चित्राचे साठ डॉलर मिळाले, कंपनीला इमारत.
ती हरली म्हणावं,
तर ते डोळे ऐंशी वर्षं माझ्या खांद्यापलीकडे बघताहेत,
जिथे आरसा असायचा तिथे,
आणि आपण सगळे मधे उभे, उजेड अडवून.

‘अज्ञात’ मात्र खोडलं. पेन्सिलीने, सध्या.

रिवाजाप्रमाणे कोपऱ्यात एक चौकोन मळका ठेवलाय,
आधी कसं होतं ते कळावं म्हणून :
साहेबाच्या सिगारचा धूर,
नखाएवढा.